चौदा मिनिटांचं कपाट

आमच्या स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणायचे. एक तर ती संकलक, म्हणजे दिवसभर दृश्यं कापायची आणि जोडायची हेच तिचं काम. आणि दुसरं म्हणजे, समोरच्याने लांबण लावली की ती मध्येच म्हणायची, "शेवटचं वाक्य आधी घे आणि बाकीचं गाळ." मी शेजारच्या खोलीत आवाजाचं काम बघतो. आमच्या दोघांच्या मध्ये एक मोठी काच आहे आणि एक कधीच नीट न लागणारं दार आहे, त्यामुळे गेल्या सात वर्षांत तिचं जे काही झालं ते मी बघितलंही आहे आणि ऐकलंही आहे.

स्टुडिओ म्हटल्यावर फार काही मनात आणू नका. औषधांच्या गोदामामागच्या तीन खोल्या. कारखाने आणि दवाखाने यांच्यासाठी आम्ही शिकवणीच्या फिल्म करतो. आग विझवायचं नळकांडं कसं उघडावं, जड खोकं उचलताना पाठ कशी सरळ ठेवावी, हात किती सेकंद धुवावेत. आमच्या फिल्म हजारो लोकांनी शेवटपर्यंत बघितल्या आहेत. बघितल्याशिवाय त्यांना हजेरी मिळत नाही.

कात्री चौतीस वर्षांची होती तेव्हा तिने एक लघुपट लिहिला. चौदा पानं, म्हणजे पडद्यावर साधारण चौदा मिनिटं. गोष्ट अगदी साधी. आई गेल्यावर दोघी बहिणी तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं करायला येतात. भांडी निघतात, पलंग निघतो, पण एक लाकडी कपाट काही निघत नाही. सुताराने ते खोलीतच बसून बनवलेलं असतं, आणि जिना बांधणाऱ्याला सुताराचा विचार माहीत नसतो. धाकटी म्हणते, राहू दे इथेच, घर घेणाऱ्याला देऊन टाकू. ती तासभर बाहेर जाते तेवढ्यात थोरली सुताराला बोलावून कपाट मधोमध कापून घेते. धाकटी परत येते. संपलं.

मी वाचली. मला आवडली.

"खरी आहे का?" मी विचारलं.

"गोष्ट आहे," ती म्हणाली आणि पानं माझ्या हातातून काढून घेतली. "सगळं तयार आहे. आता फक्त पैसे."

हा 'फक्त' पुढची दोन वर्षं पुरला.

नवोदित दिग्दर्शकांना मदत करणारा एक निधी होता. नवोदित म्हणजे कोण, हे त्यांनी नियमावलीत स्वच्छ लिहिलं होतं: वय पस्तिसाच्या आत, आणि आधी निदान एक लघुपट केलेला. म्हणजे पहिला लघुपट करायला पैसे हवे असतील तर आधी पहिला लघुपट करून या. कात्रीने डोकं लढवलं आणि आमची आग विझवायची फिल्म जोडली. मग अर्ज. सत्तावीस प्रश्न. एकोणिसावा होता: 'आपल्या चित्रपटामुळे समाजात कोणता बदल घडेल?' तिने लिहिलं, 'बहुधा कोणताच नाही.' मी तिच्या हातापाया पडून ते खोडायला लावलं. मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं, 'कौटुंबिक संवादाच्या अवकाशाची पुनर्मांडणी.'

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

"काय माहीत. पण पानावर शोभून दिसतं."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. यंदा अर्जांचा दर्जा विलक्षण उंच होता, असं त्यात होतं. दरवर्षी तो विलक्षण उंचच असतो, असं नंतर कळलं. एकाही वर्षी बुटका झाल्याची नोंद नाही. कपाटाबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं, मात्र आगीच्या फिल्ममधला ताण परीक्षकांना विशेष भावला होता.

त्यानंतर ती एका मेळाव्याला गेली. तिथे दिग्दर्शकांनी व्यासपीठावर उभं राहून तीन मिनिटांत आपली गोष्ट सांगायची आणि समोर बसलेल्या जाणकारांनी ती ऐकून मार्गदर्शन करायचं. पैसे देणारे लोक प्रेक्षकांत बसलेले असतात, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात प्रेक्षकांत पैसे मागणारेच बसले होते, आणि प्रत्येकाने आत यायचं शुल्क भरलेलं होतं. म्हणजे त्या दिवशी सिनेमातून पैसा मिळवणारे फक्त मेळावा भरवणारे. मी सोबत गेलो होतो, टाळ्या वाजवायला.

तिने अडीच मिनिटांतच सांगून टाकलं. पहिल्या रांगेतल्या जाणकारांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कपाट म्हणजे नेमकं काय?"

"कपाट," कात्री म्हणाली.

"ते झालंच. पण ते कशाचं प्रतीक?"

"कपडे ठेवायचं."

सभागृहात कुणीतरी हसलं. जाणकारांना तो विनय वाटला असावा. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की शेवटी कापलेल्या कपाटातून एक पक्षी उडून गेला पाहिजे. शेजारच्या बाईंना पक्षी जरा जुना वाटला. त्या म्हणाल्या, समुद्र. तिसरे गृहस्थ आतापर्यंत मोबाइलमध्ये होते. ते म्हणाले, दोन बहिणींऐवजी एकच बहीण ठेवली तर खर्च निम्मा होईल. संध्याकाळी तिला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. जाड कागदाचं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "यांनी या कागदाचे पैसे दिले असते तरी एक दिवसाचा कॅमेरा आला असता."

मग आमच्या मालकांनी एक ओळख काढून दिली. गाद्यांचा कारखानदार. आम्ही त्यांच्यासाठी पाठदुखीवर फिल्म केली होती, त्यामुळे माणूस सिनेमाच्या जवळचा होता. त्यांच्या कार्यालयात चार खुर्च्या आणि सहा गाद्या होत्या. त्यांनी गोष्ट डोळे मिटून ऐकली.

"भावना आहे," ते म्हणाले. "मला भावना आवडते. पैसे देतो."

कात्री खुर्चीच्या कडेला आली.

"फक्त कपाटाच्या जागी गादी करा."

"साहेब, कपाट जिन्यातून जात नाही, म्हणून तर गोष्ट आहे."

"तेच तर! आमची गादी जाते. गुंडाळली की कुठूनही जाते. लोकांना कळायला नको?"

मला वाटलं ती उठेल. ती उठली नाही. 'विचार करून कळवते' म्हणाली, आणि शनिवार-रविवार घरी बसून तिने खरोखर गादीची पटकथा लिहून बघितली. सोमवारी माझ्यापुढे ठेवली. चार पानं होती. बहिणी येतात, गादी गुंडाळतात, जिन्यातून नेतात, जातात.

"यात काही होतच नाही," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. "गादी चांगली आहे."

एवढ्या अवधीत तिची पस्तिशी उलटली होती आणि ती नवोदित राहिली नव्हती. जुनी तर झालेलीच नव्हती. आता राहता राहिले लोक. इंटरनेटवर आवाहन टाकायचं, आपली गोष्ट सांगायची आणि ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढं द्यायचं. आम्ही स्टुडिओतल्या पांढऱ्या भिंतीपुढे तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. ती कॅमेऱ्यात बघून गोष्ट सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भाव असा, की दात काढायच्या खुर्चीत बसली आहे. मदत करणाऱ्याचं नाव शेवटच्या पाटीत येईल, असं कबूल केलं होतं. पहिल्या चार दिवसांत तिला एकशे दहा लोकांनी अंगठे दाखवले. चांगले, वर केलेले अंगठे, पण अंगठेच. एका मामांनी 'खूप खूप आशीर्वाद, आम्हालाही काम दे' असं लिहिलं. शाळेतल्या एका मैत्रिणीने तीन वेळच्या चहाचे पैसे पाठवले आणि ते मिळाले का, हे पाच वेळा विचारलं.

सातव्या दिवशी दुपारी एक बाई न विचारता थेट माझ्या खोलीत आल्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगाला कपडे धुण्याच्या साबणाचा वास.

"माझी बहीण कुठे बसते?"

कात्रीला थोरली बहीण आहे, तिची लाँड्री आहे, एवढं मला माहीत होतं. या ताईचा फोन दोन वर्षांत एकदाही आलेला मी ऐकला नव्हता, हेही माहीत होतं. मी काचेकडे बोट दाखवलं. ताई पलीकडे गेल्या. मधलं दार उघडंच राहिलं. ओढून घेता आलं असतं, पण आवाज ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

"कपाट मी कापलं?" ताई म्हणाल्या.

"ताई, बस ना आधी."

"बसायला नाही आले. तुझ्या भावोजींनी व्हिडिओ दाखवला मला. थोरली सुताराला बोलावते, थोरली कापून घेते. मी कापलं?"

"अगं ती गोष्ट आहे. त्यातली थोरली म्हणजे तू नाहीस."

"मग कोण आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या आईच्या कपाटावरून भांडणाऱ्या अशा किती थोरल्या तुझ्या ओळखीच्या आहेत?"

मी काचेतून बघितलं तर कात्री पडद्यावरचं थांबलेलं दृश्य बघत होती. त्यात एक माणूस पाठ सरळ ठेवून खोकं उचलत होता.

"मी किल्ल्यांचा दुसरा जोड करून आणायला गेले होते," ताई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, पण तो जास्त लांब जात होता. "तासाभराने आले तर पहिल्या मजल्यापासून जिन्यात भुसा. वर तू उभी. मला म्हणालीस, 'झालं बघ काम.' काम!"

"दुसऱ्या दिवशी घर द्यायचं होतं. मला वाटलं, एकदा कापून झालं की तू काही बोलणार नाहीस."

"नाहीच बोलले. दोन वर्षं झाली."

मग कात्री संकलकाच्या आवाजात म्हणाली, म्हणजे जणू समोर सगी बहीण नसून तिसऱ्याच कुणाचं दृश्य आहे, "धाकटीने कापलं असं दाखवलं तर प्रेक्षक तिच्या बाजूने राहणार नाहीत."

"नको राहू देत," ताई म्हणाल्या. "मी तरी कुठे राहिले?"

आणि निघून गेल्या. जाताना मला 'येते' म्हणाल्या, शिष्टाचार म्हणून.

दोन वर्षांत त्या पटकथेबद्दल नाही नाही ते सल्ले मिळाले होते. पक्षी, समुद्र, गादी. ती खोटी आहे, एवढं मात्र एकाही जाणकाराला दिसलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं. तिसऱ्या दिवशी कात्रीने आवाहनाचं पान बंद केलं, मैत्रिणीचे चहाचे पैसे परत पाठवले आणि पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. थोरलीच्या जागी धाकटीचं नाव टाकलं की झालं, असं मला वाटलं होतं. तिला तीन आठवडे लागले. मधेच एकदा काचेवर टकटक करून तिने मला विचारलं, "माणूस असं का करतो रे?" मी म्हटलं, "तू सांग, तू केलंस." ती परत वळून बसली.

लिहून झालं तेव्हा ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर लाँड्रीत. काही कमी-जास्त झालं तर साक्षीदार असलेला बरा."

लाँड्रीत तीन यंत्रं घरघरत होती. भावोजी गल्ल्यावर बसून पावत्या फाडत होते. ताई एका उंच टेबलापाशी चादरींच्या घड्या घालत होत्या आणि कात्री त्यांच्यासमोर उभी राहून यंत्रांच्या वर आवाज काढून पटकथा वाचत होती. गिऱ्हाइकं येत होती, अर्धा प्रसंग ऐकून जात होती. कपडे न्यायला आलेले एक आजोबा तर पाच पानं थांबले.

"आईची किल्ली वरच्या फळीवर नसायची," ताई मध्येच म्हणाल्या. "दाराच्या मागे खिळ्याला."

कात्रीने खूण केली.

"शेवटी धाकटी रडते, ते काढ. तू रडली नव्हतीस. तुला भूक लागली होती. मला विचारलंस, खायला काही आहे का."

"ताई, ते फार वाईट दिसेल."

"वाईटच होतं."

सगळं वाचून झाल्यावर ताईंनी एक चादर पूर्ण घडी घालून बाजूला ठेवली. मग विचारलं, "किती लागतात?" कात्रीने आकडा सांगितला. मी गल्ल्याकडे बघितलं. पावत्या फाडायचं थांबलं होतं.

"चौथं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं," ताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी घेऊ. तिन्ही नीट चालतायत."

"कोपऱ्यातलं हलतं," भावोजी हळूच म्हणाले.

"हलू दे. निर्माती म्हणून माझं नाव पहिलं, आणि मोठ्या अक्षरात. शेवटच्या पाटीत नको. लोक तोपर्यंत उठतात. आणि कापते ती धाकटीच. त्यात बदल केलास तर पैसे परत मागणार नाही, पण पुन्हा तुझ्याशी बोलणारही नाही."

त्या निधीचा नमुना करार मी वाचला होता. त्यात चाळीस कलमं होती आणि एकाचीही भीती वाटली नव्हती.

चित्रीकरण चार दिवस चाललं, मालकांच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये. पैशाला पाय फुटतात ते तिथे बघितलं. कपाट बनवायला सुतार लावला, पण दुसरं कपाट परवडणार नव्हतं, म्हणजे कापायचा प्रसंग एकदाच घेता येणार होता. निर्मातीबाई पहिल्या दिवशी 'दोन मिनिटं डोकावते' म्हणून आल्या आणि चारही दिवस राहिल्या. थोरलीचं काम करणाऱ्या नटीला त्यांनी घडी घालायला शिकवलं. कॅमेरावाल्याला जमिनीवर वायर पसरू नका म्हणून तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्या स्वतःच अडखळल्या आणि मग सगळ्या वायरी चिकटपट्टीने जमिनीला चिकटल्या. कात्री दातओठ खात म्हणायची, "निर्मात्याने सेटवर यायचं नसतं." ताई म्हणायच्या, "पैसे कुणाचे आहेत?" एवढ्या एका बाबतीत त्या इतर निर्मात्यांसारख्याच निघाल्या.

कापायच्या दिवशी मात्र त्या भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. सुतार खराखुराच होता. त्याने करवत लावली. माझ्या कानावर हेडफोन होते. लाकडाच्या आवाजामागे कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता, आणि तो नटीचा नव्हता. मी एरवी हात वर करून प्रसंग थांबवला असता. थांबवला नाही.

दोन अर्धुकं वेगळी झाली. कात्री 'कट' म्हणाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई पुढे आल्या आणि कापलेल्या कडेवर त्यांनी तळवा ठेवला.

"तेव्हाही एवढाच वेळ लागला होता?"

"जास्त," कात्री म्हणाली. "ते लाकूड जुनं होतं. सुतार मध्ये दोनदा थांबला. मला विचारलं, बाई, नक्की ना?"

"आणि तू?"

"दोन्ही वेळा हो म्हटलं."

ताईंनी मान हलवली. रागाने नाही, कुणी हिशेब बरोबर सांगितल्यावर हलवतात तशी. "हे तू लिहिलेलं नाहीस."

"नाही."

"घाल."

"आता कसं घालू? कपाट कापून झालं."

"आवाज घालता येईल," मी म्हणालो. चार दिवसांत माझं ते पहिलंच वाक्य असावं. थोरली किल्ल्या घेऊन जिना चढते आहे, पायऱ्यांवर भुसा आहे, आणि त्यावर मघाचा करवतीचा आवाज येतो. तो थांबतो. 'बाई, नक्की ना?' 'हो.' पुन्हा करवत. पुन्हा थांबते. आम्ही सुताराला आणि कात्रीला तिथेच माइकपुढे उभं केलं. त्याने पहिल्याच वेळी असं काही विचारलं की कात्री 'हो' म्हणायचंच विसरली. तिला तो चार वेळा म्हणावा लागला. चौथा ठेवला. पडद्यावरची नटी निराळी असली तरी तो 'हो' कात्रीचाच आहे.

चौदा मिनिटांचा लघुपट बाराच मिनिटांचा झाला, कारण कापणारी तीच होती. तो आम्ही वीस महोत्सवांना पाठवला. सतरा ठिकाणी यंदा दर्जा विलक्षण उंच होता. दोन ठिकाणांहून काहीच कळलं नाही. एका लहानशा महोत्सवाने घेतला. परगावी, सकाळी साडेदहाची वेळ, आणि पाहुण्यांसाठी एक खोली, दिग्दर्शकापुरती. ताई म्हणाल्या, निर्माती काय धर्मशाळेत राहणार का? दोघी एका पलंगावर झोपल्या. मी माझ्या खर्चाने एका नातेवाइकाकडे.

साडेदहाला मी सभागृहात होतो. या दोघींचा पत्ता नव्हता. आंघोळीला आधी कोण, यावरून सकाळी वाजलं होतं, हे नंतर कळलं. दिवे गेले, दार बंद झालं, पाटी आली. ताईंचं नाव, पहिलं, भल्यामोठ्या अक्षरात. तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"अहो, आत चाललाय तो सिनेमा आमचाच आहे!"

"एकदा सुरू झाल्यावर कुणालाच सोडत नाही, बाई," दारावरचा माणूस म्हणाला. "नियम आहे."

"तो मी काढलाय!"

"मग तुम्ही बघितलेलाच असेल."

दोघी बाहेर दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत एकोणीस माणसं होती, मी मोजली. साधारण निम्म्यात सगळे एकदम हसले. जिन्याच्या प्रसंगाला कुणी जागचं हललं नाही. धाकटी खायला मागते तिथे मागच्या रांगेतली एक बाई 'अगं बाई' म्हणाली, चांगलं मोठ्याने. मग दिवे आले.

मी बाहेर आलो तर दोघींनी मला दोन्ही बाजूंनी पकडलं.

"कुठे हसले?" कात्रीने विचारलं. "त्यात विनोद कुठेच नाहीये."

"थोरली वितीने जिना मोजते तिथे," मी म्हणालो.

"बघ!" ताई म्हणाल्या. "मी तेव्हाही सांगत होते, टेप आण म्हणून."

"टेप तूच विसरली होतीस, ताई."

"मी? टेप तुझ्या पिशवीत होती."

दारावरचा माणूस आता मोकळा झाला होता. त्याने शांतपणे विचारलं, पुढचा खेळ सुरू होतोय, आत जायचंय का? कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. दोघी टेपवरून भांडत पायऱ्या उतरल्या, आणि चहा कुठे मिळेल ते शोधायला मला पुढे पाठवलं.